बीफ खिम्याचे बेक्ड बीन्स, एकही गणंग न राहू देता

मी पहिल्यांदा केलेल्या बेक्ड बीन्सचं भांडं जसं भरलेलं गेलं, तसंच जवळजवळ भरलेलं घरी परत आलं. मिशिगनला येऊन चार महिने झाले होते. चर्चच्या हॉलमध्ये पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायचं जेवण, आणि मी मोठ्या उत्साहानं म्हटलं होतं, बीन्स मी आणते. आमचं घर वसईचं. बीफ हाताळण्यात मला काही नवं नव्हतं आणि कडधान्य तर काय, जन्मभर शिजवलेलं. रात्रभर भिजवलेले दाणे, खिमा, कांदा, केचप, मोलॅसिस (साखर काढल्यावर उरलेला उसाचा काळपट रस), सगळं एकदम स्लो कुकरमध्ये लोटलं आणि मंद आचेवर ठेवून झोपले. अकरा तासांनी झाकण उघडलं तर वास असा की शेजारीण विचारत यावी. दाणे मात्र छर्रे. एखाददुसरा गणंग राहणं समजू शकते, इथे अख्खं भांडंच गणंग होतं. लोकांनी सभ्यपणे एकेक चमचा घेतला आणि ताटलीच्या कडेला सारून ठेवला.

आपल्यापैकी बहुतेक जण इथेच फसतात, कारण नावात ‘बेक्ड’ आहे. आपल्याला वाटतं, ओव्हन दाणे शिजवणार. तसं होत नाही. ओव्हनचं काम रस आटवणं आणि चवी एकमेकींत मुरवणं. दाणा त्याआधी बोटचेपा झालेला हवा, गोड-आंबट काहीही त्याच्या जवळ जाण्याआधी. एवढं सांभाळलंत तर बाकी पदार्थ फार समजूतदार आहे. साखर कमी-जास्त, कांदा एखादा इकडेतिकडे, सगळं खपतं.

आणखी एक. भारतात बेक्ड बीन्स म्हटलं की इंग्रजी न्याहारीतला टोमॅटो सॉसमधला डबा आठवतो. हा पदार्थ तो नाही. अमेरिकेत जुनी चाल बॉस्टनची: पांढरे बारीक दाणे, मोलॅसिस, मोहरी आणि खारवलेलं डुकराचं मांस. त्यात बीफचा खिमा घालून पोटभरीचं एक-भांडी जेवण करायचं, ही रीत तुम्हाला इथल्या पॉटलकमध्ये, चार जुलैच्या अंगणातल्या जेवणात, लेबर डेच्या सुट्टीला भेटेल. आपण तीच करणार आहोत. बीफ न खाणाऱ्यांनी चौथी पायरी गाळून बाकीचं वाचावं. दाण्याचं शास्त्र तेच राहतं.

काय काय लागेल (८ ते १० जणांसाठी)

- नेव्ही बीन्स, सुके: १ पौंड (४५० ग्रॅम)
- बीफचा खिमा, ८५/१५ लिहिलेला: १ पौंड
- कांदे: २ मध्यम
- ढोबळी मिरची: १
- लसूण: ४ पाकळ्या
- केचप: पाऊण कप
- मोलॅसिस, साधं किंवा गडद, पण ब्लॅकस्ट्रॅप नव्हे: एक तृतीयांश कप
- ब्राउन शुगर: पाव कप, दाबून भरलेली
- मोहरीची पूड: २ टीस्पून (किंवा बाटलीतलं पिवळं मस्टर्ड १ टेबलस्पून)
- सफरचंदाचं व्हिनेगर: २ टेबलस्पून
- वूस्टरशर सॉस: १ टेबलस्पून
- मिरपूड आणि स्मोक्ड पॅप्रिका: प्रत्येकी १ टीस्पून
- मीठ, चिमूटभर खायचा सोडा

भांडी: दाणे शिजवायला मोठं पातेलं किंवा कुकर, खिम्यासाठी रुंद बिडाचा तवा, आणि ओव्हनमध्ये जाईल असं झाकणाचं जाड भांडं, पाच क्वार्ट म्हणजे साधारण पावणेपाच लिटरचं. ९ बाय १३ इंचांच्या काचेच्या ट्रेमध्येही मावतं, पण काठोकाठ भरतं आणि ओव्हनच्या तळाशी रस सांडून जळतो. ट्रे वापरलात तर खाली दुसरं ताट ठेवा. शिवाय गरम काच ओल्या ओट्यावर टेकवू नका, तडकते.

अमेरिकन कप २४० मिलिलिटरचा असतो, घरातली आमटीची वाटी नव्हे. मी पहिलं वर्ष वाटीनंच मोजत होते आणि प्रत्येक वेळी चव वेगळी का येते म्हणून चक्रावत होते. दहा डॉलरच्या आत कप-चमच्यांचा संच मिळतो, घेऊन टाका. तापमानाचंही तसंच: इथले ओव्हन फॅरनहाइटमध्ये बोलतात. मी दोन्ही आकडे देते आहे.

१. आदल्या रात्री: निवडा, भिजवा

नेव्ही बीन्स हे वाटाण्याएवढे पांढरे दाणे. अमेरिकन नौदलाच्या जेवणात ते कायम असायचे, म्हणून हे नाव. मिशिगनचा नकाशा हातमोज्यासारखा दिसतो आणि त्यातल्या अंगठ्याच्या भागात, ज्याला इथले लोक खरोखरच ‘द थंब’ म्हणतात, या दाण्यांचं मोठं पीक येतं. वॉशिंग्टनमध्ये सिनेटच्या उपाहारगृहात रोज जे बीन सूप असतं, तेही नेव्ही बीन्सचंच. वनस्पती म्हणाल तर आपल्या ओळखीची आहे: फरसबी, राजमा, कोरेगावचा वाघ्या घेवडा आणि हा दाणा, सगळे एकाच जातीचे. नेव्ही नाही मिळाले तर ‘ग्रेट नॉर्दर्न’ घ्या, थोडे मोठे असतात. पिंटोही चालतात. छोले आणि चवळी नको, पोत वेगळाच येतो.

पिशवी घेताना तारीख बघा. इंडियन स्टोअरच्या सगळ्यात खालच्या फळीवर धूळ खात पडलेली पिशवी स्वस्त असते, पण उष्ण-दमट जागी दीर्घकाळ राहिलेला दाणा कितीही शिजवला तरी आतून रवाळ राहतो. आमटीसाठी असा दाणा घोटून खपवता येतो. इथे अख्खा दाणा दिसायला हवा, त्यामुळे लपवायला जागा नाही.

ताटात पसरून खडे आणि फुटके दाणे काढा. दोन लिटर पाण्यात दीड टेबलस्पून मीठ विरघळवून त्यात ८ ते १२ तास भिजत घाला. मिठाच्या पाण्यात भिजवल्यानं दाणे कडक होतात असं माझी आई सांगायची, बहुतेकींच्या आया सांगतात. उलट आहे. मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं, साल मऊ पडते आणि शिजताना फुटत नाही. सकाळी दाणे टच्च फुगलेले आणि सुरकुत्या गेलेल्या दिसल्या पाहिजेत. पाणी फेकून द्या, दाणे धुऊन घ्या.

भिजवायचं विसरलात? दाणे पाण्यात दोन मिनिटं खळखळून उकळा, गॅस बंद करून तासभर झाकून ठेवा, पाणी ओता. काम भागतं, फक्त काही दाण्यांची साल सुटते.

२. दाणे पूर्ण शिजवा. पूर्ण म्हणजे पूर्ण

या पायरीवर घाई केलीत तर पुढचा सगळा खटाटोप वाया.

दाण्याच्या पेशींना धरून ठेवणारा जो डिंकासारखा पदार्थ असतो, पेक्टिन, तो गरम पाण्यात हळूहळू विरघळतो तेव्हा दाणा मऊ होतो. आंबटपणा त्याला विरघळू देत नाही. कॅल्शियम तर त्याला आणखी आवळून धरतं. आता सामानाची यादी पुन्हा बघा: केचप आंबट, व्हिनेगर आंबट, आणि मोलॅसिस थोडं आंबट असून वर कॅल्शियमनं भरलेलं. म्हणजे मी त्या रात्री दाण्यांना मऊ न होण्याची सगळी सोय करून झोपले होते. चिंच घातल्यावर कच्ची डाळ शिजत नाही हे आपल्याला ठाऊक असतं. मोलॅसिस गोड दिसतं म्हणून आपण गाफील राहतो.

याच गुणाचा पुढे फायदाही होतो. एकदा दाणा मऊ झाला की तोच आंबट-गोड रस त्याला ओव्हनमधल्या दोन तासांत गरगट होऊ देत नाही. क्रम तेवढा बरोबर हवा.

पातेल्यात: दाण्यांवर दोन इंच येईल इतकं ताजं पाणी, अर्धा टीस्पून मीठ. उकळी आली की दहा मिनिटं खळखळू द्या, वरचा फेस काढा, मग आच मंद करून एक ते दीड तास. तुमच्या गावचं पाणी जड असेल, किटलीत पांढरा थर जमत असेल, तर चिमूटभर सोडा घाला. चिमूट म्हणजे चिमूटच. जास्त झाला की साबणाची चव येते.

कुकरमध्ये: भांडं निम्म्याच्या वर भरू नका, हे दाणे फसफसतात आणि फेस शिट्टीत अडकतो. एक चमचा तेल घातलं की फेस बसतो. आपल्या शिट्टीच्या कुकरला तीन शिट्ट्या आणि मग मंद आचेवर पाच मिनिटं. इलेक्ट्रिक प्रेशर कुकरला १० ते १२ मिनिटं, कारण त्याचा दाब आपल्या कुकरपेक्षा कमी असतो. दोन्हीत प्रेशर आपोआप उतरू द्या. शिट्टी उचलून वाफ सोडलीत तर आत एकदम खळबळ होते आणि साली फाटतात. डेन्व्हरसारख्या उंचावरच्या शहरात राहत असाल तर कुकरच वापरा. तिथे पाणी ९५ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळतं आणि उघड्या पातेल्यात दाणे संध्याकाळपर्यंत तंगवतात.

शिजले की नाही हे कसं ओळखायचं? चमच्यात चार दाणे घेऊन त्यांवर फुंकर मारा. साल कागदासारखी उलगडली की दाणा तयार होत आला, ही न्यू इंग्लंडमधली, म्हणजे बॉस्टनच्या आसपासच्या राज्यांतली, जुनी परीक्षा. माझी त्यापुढची: भांड्याच्या वेगवेगळ्या जागांतले पाच दाणे घ्या, जीभ आणि टाळूमध्ये दाबा, दात लावू नका. पाचही मेणासारखे दबले पाहिजेत. एक जरी टणक लागला तर आणखी दहा मिनिटं आणि पुन्हा पाच. मी पाचच्या ऐवजी एकच दाणा चाखून दोनदा फसले आहे.

दाणे गाळा, पण ते पाणी ओतू नका. दोन-अडीच कप बाजूला ठेवा, रसासाठी तेच लागणार.

राजमा वापरणार असाल तर थांबा आणि हे वाचा. लाल राजम्यात एक नैसर्गिक विषारी द्रव्य असतं. नीट न उकळलेल्या राजम्याचे चार-पाच दाणेदेखील उलट्या-जुलाबांना पुरतात. स्लो कुकरची मंद आच ते द्रव्य नष्ट करत नाही, उलट वाढवू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला असा: किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळा. आपल्याकडे राजमा कुकरमध्येच होतो म्हणून ही गोष्ट कुणी सांगत नाही. इथे आल्यावर स्लो कुकर घेतला जातो आणि तिथे घोटाळा होतो.

३. मोलॅसिस म्हणजे काकवी नव्हे

मराठी घरांतून मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: मोलॅसिसऐवजी काकवी चालेल का? चालेल, पण दोन्ही एक नाहीत हे लक्षात घेऊन.

काकवी म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवताना गूळ होण्याच्या आधी काढून घेतलेला पाक. त्यातली सगळी साखर त्यातच असते. मोलॅसिस म्हणजे साखरेचे दाणे काढून घेतल्यावर मागे उरलेला काळपट चिकट रस. आपल्या साखर कारखान्यांत त्यालाच मळी म्हणतात, जिच्यापासून अल्कोहोल काढतात. म्हणून मोलॅसिस काकवीपेक्षा कमी गोड, किंचित कडसर आणि जवळजवळ धुरकट लागतं. तो कडसरपणाच बीफला पेलतो.

दुकानात तीन प्रकार दिसतील. पहिल्या उकळीचं फिकं, दुसऱ्या उकळीचं गडद, आणि तिसऱ्या उकळीचं ब्लॅकस्ट्रॅप. ब्लॅकस्ट्रॅपच्या बाटलीवर लोह, कॅल्शियम, पौष्टिक वगैरे लिहिलेलं असतं आणि आपला हात तिकडे जातो. नका घेऊ. एवढं कडू की अख्खं भांडं औषधी काढ्यासारखं लागतं, वर साखर घालत बसलात तरी सुधारत नाही. काकवी घेतलीत तर ब्राउन शुगर पूर्ण वगळा आणि मोहरी अर्धा चमचा वाढवा. चव हलकी येते, वाईट नाही. बाय द वे, इथली ब्राउन शुगर म्हणजे बहुतेकदा पांढऱ्या साखरेला मोलॅसिस चोळलेलं असतं. गुळाचा भुगा तिच्या जागी बिनधास्त चालतो.

मोलॅसिस बॉस्टनच्या बीन्समध्ये आलं ते कॅरिबियन बेटांवरून, गुलामांच्या राबणुकीतून झालेल्या उसाबरोबर. न्यू इंग्लंडमध्ये त्याची रम गाळत. तिथल्या प्युरिटन लोकांचा, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट पंथीयांचा, विश्रामवार शनिवारी सूर्यास्तापासून सुरू व्हायचा आणि त्यात स्वयंपाक निषिद्ध. म्हणून शनिवारी बीन्सचं मडकं विटांच्या भट्टीत जायचं आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी कोमट खाल्लं जायचं. त्या शहरात या रसाचा साठा किती असायचा याची कल्पना १५ जानेवारी १९१९ च्या अपघातावरून येते: बॉस्टनच्या नॉर्थ एंड भागात मोलॅसिसची प्रचंड टाकी फुटली, रस्त्यांतून त्याची लाट धावली आणि २१ माणसं मेली. बाटली उलटी धरून शेवटचा थेंब पडायची वाट बघताना मला हे दर वेळी आठवतं.

४. खिमा: धुवू नका, कोरडा भाजा

आपल्या हाताला दोन सवयी आहेत आणि इथे दोन्ही मोडायच्या.

पहिली, खिमा चाळणीत धुण्याची. पाकिटातला खिमा धुतला की त्याचं पाणी बेसिनभर, ओट्यावर, शेजारच्या कोथिंबिरीवर उडतं, जंतूंसकट. खिमा त्यामुळे स्वच्छ होत नाही, ओला मात्र होतो. आणि ओला खिमा भाजला जात नाही, उकडतो.

दुसरी, आलं-लसूण वाटण आणि हळद लावून झाकण ठेवून शिजवण्याची. खिमा-पावासाठी ते बरोबर आहे. या पदार्थाला खरपूस तपकिरी कण हवे आहेत, कारण दोन तास गोड रसात बसल्यावर तेवढीच खमंग बाजू शिल्लक राहते. माझ्याकडे घरचा बाटली मसाला, आमच्या वसईकडचा मिश्र मसाला, कायम असतो आणि एकदा मोह झाला. झालं ते चांगलं झालं, फक्त ते बेक्ड बीन्स राहिले नाहीत; गोड खिमा झाला.

पाकिटावरचे आकडे म्हणजे मांस आणि चरबीचं प्रमाण. ८०/२० ला तवंग फार येतो, ९३/७ कोरडं पडतं. ८५/१५ मधलं बरं. हलाल हवा असेल तर हलाल दुकानातून समोर कुटून घ्या आणि चरबी थोडी ठेवायला सांगा. महाराष्ट्रात परत गेल्यावर करायचं असेल तर गाईच्या कत्तलीवर आधीपासूनच बंदी आहे आणि २०१५ च्या कायदा दुरुस्तीपासून बैलाच्याही. म्हशीच्या मांसाचा खिमा घ्या. त्यात चरबी कमी असते, तेव्हा तव्यावर दोन चमचे तेल लागेल.

तवा चांगला तापवा. खिमा बोटांनी मोकळा करून एका थरात पसरा आणि तीन-चार मिनिटं हात लावू नका. ढवळायची खाज सुटते, सोसा. खालून गडद रंग आला की उलथन्यानं उलटा, गुठळ्या फोडा. तवा लहान असेल तर दोन घाण्यांत करा; एकदम सगळा लोटलात तर पाणी सुटतं आणि राखाडी कण मिळतात. शेवटी अर्धा टीस्पून मीठ. खिमा आतपर्यंत १६० अंश फॅरनहाइट (७१ अंश सेल्सिअस) गेला पाहिजे आणि नुसत्या रंगावर विश्वास ठेवता येत नाही. या पदार्थात तो पुढे ओव्हनमध्ये जातोच, तरी तव्यावरच पूर्ण शिजवा, अर्धवट सोडून ठेवू नका.

खिमा झाऱ्यानं काढा. सुटलेली चरबी एक टेबलस्पून ठेवून बाकीची रिकाम्या पत्र्याच्या डब्यात ओता आणि थिजल्यावर कचऱ्यात टाका. सिंकमध्ये कदापि नाही. ती पाइपमध्ये गोठते, आणि प्लंबरचं बिल मी भरलं आहे.

५. रस

त्याच तव्यात, त्याच चरबीवर बारीक चिरलेला कांदा आणि ढोबळी मिरची कांदा पारदर्शक होईपर्यंत परता. तव्याला चिकटलेलं तपकिरी सगळं उलथन्यानं खरवडून घ्या. लसूण शेवटच्या मिनिटाला. मग केचप, मोलॅसिस, ब्राउन शुगर, मोहरी, वूस्टरशर, मिरपूड, पॅप्रिका आणि निम्मं व्हिनेगर. दाण्यांचं राखलेलं पाणी दीड कप घाला, एक उकळी काढा.

आता चाखा. रस तुम्हाला हवा त्यापेक्षा थोडा जास्त गोड, जास्त आंबट, जास्त खारट लागायला हवा, कारण दाणे सगळं शोषून घेतात आणि दोन तासांनी सौम्य होतात. या क्षणी चवीला अगदी बरोबर लागलं तर नंतर अळणी लागेल.

वूस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही नावाची मासळी असते. कुणाला माशाची ॲलर्जी असेल तर गाळा, जागी अर्धा चमचा सोया सॉस.

६. ओव्हन

ओव्हन ३२५ अंश फॅरनहाइटला (साधारण १६५ सेल्सिअस) तापत ठेवा. जाड भांड्यात दाणे, खिमा, रस एकत्र करा, हलक्या हातानं, झाऱ्यानं खालून वर. रस दाण्यांच्या माथ्याला टेकलेला हवा. कमी वाटला तर राखलेलं पाणी गरम करून घाला. झाकण लावून दीड तास. तासाभरानं एकदा उघडून बघा: कडा कोरड्या पडत असतील तर अर्धा कप पाणी.

मग झाकण काढून अर्धा-पाऊण तास. वरचा थर काळसर, चकचकीत होतो आणि कडेला रस उकळून चिकट होतो. तो कडेचा भाग आमच्या घरी भांडणाचा विषय आहे. बाहेर काढल्यावर उरलेलं व्हिनेगर वरून घाला, एकदा हलवा, वीस मिनिटं तसंच राहू द्या. गरम असताना रस पातळ वाटेल, घाबरून आणखी भाजत बसू नका, निवताना आळतो.

अमेरिकन पद्धतीत वर बेकनच्या पट्ट्या पसरतात. तुमच्या टेबलाशी डुकराचं न खाणारं कुणी असेल तर नकोच. स्मोक्ड पॅप्रिकानं धुराची बाजू भरून निघते.

७. वेळ नसेल तर डब्यांची वाट

कामाच्या दिवशी मीही डबे फोडते. २८ औंसांचे दोन डबे बेक्ड बीन्स, वरच्यासारखाच भाजलेला खिमा आणि कांदा, दोन चमचे मोहरी, एक चमचा व्हिनेगर, भरपूर मिरपूड. साखर, मोलॅसिस, केचप काही नाही, डब्यात आधीच गोड ठासून भरलेलं असतं. ३५० फॅरनहाइटला (१७५ सेल्सिअस) उघडं, पाऊण तास. लेबल मात्र वाचा: पुष्कळ डब्यांत पोर्क किंवा बेकन असतं, समोर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं नसलं तरी. ‘व्हेजिटेरियन’ लिहिलेला डबा घेऊन त्यात बीफ घालायचं हा विनोद मला अजून पचत नाही, पण तेच सोयीचं पडतं.

साधे शिजवलेले दाणे डब्यात मिळतात, तेही चालतात: १५ औंसांचे चार डबे, पाणी गाळून, आणि पाचव्या पायरीपासून पुढे. राखलेल्या पाण्याच्या जागी साधं पाणी घ्या आणि मीठ बेतानं, डब्यातल्या दाण्यांत आधीच असतं.

८. पॉटलकला नेताना, आणि उरलं तर

भांड्यावर चिठ्ठी लावा: ‘बीफ आहे’. मोठ्या अक्षरांत, इंग्रजीत, आणि मंडळाचं जेवण असेल तर मराठीतही. दिसायला हे राजम्यासारखं दिसतं आणि खिम्याचे कण रसात लपतात. कुणीतरी राजमा समजून वाढून घेणं हा प्रसंग दोघांसाठीही वाईट. वाढायचा चमचा वेगळा न्या, भांड्यातच ठेवा. आमच्या इथल्या मराठी मंडळात मी बीफचं भांडं नेतच नाही; त्याच रसात नुसते दाणे करते, तेल वापरून आणि वूस्टरशर वगळून. तेही संपतं.

झाकण सुतळीनं हँडलला बांधा, भांडं जुन्या टॉवेलात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात, गाडीच्या सीटवर नव्हे, खाली पायांजवळ. मोलॅसिसचा डाग सीटवरून निघत नाही, माझ्या गाडीत बघा. जेवायला दोन तासांहून अधिक वेळ असेल तर स्लो कुकर ‘वॉर्म’वर ठेवून त्यात ओता. शिजवण्यासाठी तो वाईट, गरम ठेवायला उत्तम.

उरलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, उन्हाळ्यात ९० फॅरनहाइटच्या वर अंगणात असेल तर तासाभरात. मोठं भांडं जसंच्या तसं फ्रीजमध्ये कोंबू नका, मध्यभाग रात्रभर कोमट राहतो; उथळ डब्यांत काढा. तीन-चार दिवस टिकतं. फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने. दुसऱ्या दिवशीची चव पहिल्या दिवसापेक्षा चांगली, म्हणून पॉटलक रविवारी असलं तर मी शनिवारीच करून ठेवते.

खायला इथे मक्याचा ब्रेड देतात. मला लादी पावच बरा वाटतो, तव्यावर लोणी लावून भाजलेला, आणि ताटलीत वरून बारीक चिरलेली हिरवी मिरची. ऑफिसच्या डब्यात न्यायचं असेल तर आधी चमचाभर पाणी घालून सैल करा आणि मायक्रोवेव्हमध्ये झाकून गरम करा. हे दाणे फटाक्यासारखे उडतात, आणि आतली भिंत मग तुम्हालाच पुसावी लागते.